आत्याने सात वेळा लावलेलं लग्न

शेवट गोड होणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, तेच सिनेमे मला आवडतात. दोघं भांडणार, गैरसमज होणार, कुणीतरी विमानतळाकडे पळत सुटणार आणि आपण चहाचा कप घेऊन निवांत बसायचं. दिवसभर वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये गाड्या भरून घेताना डोकं उठलेलं असतं, त्यावर याहून चांगलं औषध नाही. घरचे माझ्या आवडीला नाकं मुरडतात, पण टीव्ही लागला की एकेक करून सगळे येऊन बसतात.

त्यांना बघायची असते ती आपली जागा. अलीकडे आमच्याकडे शूटिंग फार होतं. पडघ्याकडचा रस्ता गोव्याचा म्हणून खपतो, नारपोलीतली यंत्रमागांची गल्ली उत्तरेकडचं कुठलंतरी शहर होते. एका सिनेमातलं परदेशातलं ऑफिस तर मी रोज डबा खाते त्याच गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर होतं. हिरो खिडकीला टेकून रडत होता आणि मी ओरडत होते, "अरे, ती खिडकी ढिली आहे, टेकू नकोस!"

दोन वर्षांपूर्वी शूटिंग थेट आमच्या गावात आलं. त्यांना सिनेमात आगरी लग्न हवं होतं, आणि त्यासाठी खरी धवलारीण हवी होती. आमच्या लग्नात मांडव उभा राहिल्यापासून प्रत्येक विधीला धवला गायला जातो. तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गाण्यातून एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. ते आल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. गावात आता एकच धवलारीण उरली आहे, माझी आत्या. तिला लिहिता-वाचता येत नाही, सगळी गाणी डोक्यात.

आत्याने साफ नकार दिला. मी मात्र हट्टाला पेटले, कारण मला हिरोला जवळून बघायचं होतं.

"आत्या, नुसतं गायचं तर आहे."

"नुसता कवा गात्यात का, बाय?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. तिला मूलबाळ नाही. हा शब्द तिच्यावर चालतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

देवळासमोरच्या मांडवात ती एकच धवला सात वेळा गायली. एकदा हिरोचा फेटा सुटला, एकदा ढग आले, एकदा कुत्रा मध्ये शिरला. दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. सातव्या वेळेनंतर एकदाचं 'कट' झालं. हिरॉइनने मुंडावळ्या काढून खुर्चीवर टाकल्या आणि ती फोनवर बोलत निघून गेली. हिरो दुसऱ्या बाजूला. मी त्याच्यामागे सेल्फीसाठी धावले. परत आले तेव्हा आत्या तिथेच बसलेली होती.

"सात येला देवांना बोलावला," ती म्हणाली, "आन लगीन खोटा."

मी हसले. पण त्यानंतर आत्याने गाणं सोडलं. गावात लग्न निघालं की तिचा घसा बसलेला असायचा. मग या वर्षी माझंच लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचं. रीतीप्रमाणे मी हळद आणि सुपारी घेऊन तिच्याकडे गेले. तिने हात पुढे केला नाही.

"ज्या तोंडानं देवांना फशिवला, त्या तोंडानं तुजा लगीन लावू? तुज्या संसाराला काय झाला तर?"

मी तिला म्हणाले, हल्ली कोण मानतं हे सगळं, डीजे सांगितलाय. घरी येऊन मात्र न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून रडले. तिला तिथे ओढून नेणारी मीच होते.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना तो सिनेमा टीव्हीवर आला. आमचं सगळं घर जमलं. आत्याला बळेच आणलं, तर ती मागे उंबऱ्यापाशी बसली.

"आपली गावदेवी!" "आपलं तळं!" एकच गलका. हिरोने आमच्या तळ्यात उडी मारली आणि तो समुद्रात बाहेर आला, तेव्हा वडिलांनी टाळ्या वाजवल्या. काकीला दोरीवर वाळत घातलेली स्वतःची गोधडी दिसली आणि ती लाजून लाल झाली. एरवी या सगळ्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा असता. त्या दिवशी मी फक्त आत्याकडे बघत होते.

लग्नाचा प्रसंग आला. आत्याचा चेहरा अख्ख्या पडद्यावर. तिचे ओठ हलले आणि ऐकू आलं ते ढोलकी-बँजोवरचं एका तरुण मुलीचं ठसकेबाज गाणं. आत्याचा आवाज कुठेच नव्हता.

"सात सात वेळा गायला लावलं आणि आवाज कापला?" वडील उसळले. त्यांनी शूटिंगवाल्या माणसाचा नंबर शोधायला फोन काढला. मला इतकी शरम वाटली की मागे वळून बघवेना.

आत्या उठली. टीव्हीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"परत लाव."

मी लावलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तिने पडद्यासमोर हात जोडले.

"देव शाने रं! मी सात येला बोलावला, ते आलंच न्हाय. उलटा माजा गाना बी काढून घेतला." मग ती माझ्याकडे वळली. "बाय, सुपारी कुठं हाय तुजी?"

वडिलांनी फोन खिशात ठेवला. आमच्या अपमानात तिला स्वतःची सुटका दिसली होती. मी चप्पल न घालताच सुपारी आणायला धावले.

हळदीच्या दिवशी सकाळी आत्या मांडवात बसली आणि दोन वर्षांनी तिने गायला तोंड उघडलं. आवाज आधी खरखरीत, मग मोकळा. तिने गावदेवीला बोलावलं, डोंगरावरच्या देवाला बोलावलं, खाडीला बोलावलं. मग माझ्या गेलेल्या आजोबांना बोलावलं. मी ट्रक मोजणारी बाई, असल्या गोष्टींना हसणारी. पण मांडव भरत चाललाय असं मला खरंच वाटलं, आणि मी पाटावर थोडी सरकून बसले.

व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन पुढे आला. "मावशी, लाईट नव्हती. जरा पहिल्यापासून घ्या ना."

आत्या थांबली नाही. मीच हळदीचा हात वर केला.

"आता नाही," मी म्हणाले. "सगळे आलेत."