खारेपाटातला पेंढा रोह्याला नेला तेव्हा

सुनंदाचा फोन आला. "पेंढा घेऊन रोह्याला जायचं हाय. येशील काय गो सोबतीला?" मी लगेच हो म्हटलं. हल्ली मला कुणी कुठे बोलवत नाही.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी होत्या. मराठी बोललं की सिस्टर उभं करायच्या, आणि ही प्रार्थनेच्या रांगेत मुद्दाम माझ्या कानात "नाय गो, नाय" कुजबुजायची. आता ती पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात एकटीच असते. मुलगा सुरतेला बोलावतोय. तिने त्याला सांगितलं होतं, बैल गेल्यापासून पडून राहणारा पेंढा रोह्याच्या कारखान्याने घेतला, तर मी इथेच राहीन.

पनवेलहून पेणला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर पोह्याचे पापड जरूर घ्या. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या पट्ट्यात, जाणार असाल तर पिण्याचं पाणी बरोबर न्या. फेब्रुवारीतच तिथे टँकरची वाट बघतात.

सुनंदाकडे वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी खाऊन आम्ही पेंढा भरलेल्या टेम्पोत बसलो. नागोठण्यापर्यंत धूळ फार. सुनंदा वाटभर पेंढ्याच्या भावाचंच बोलत होती. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणारी बाई ती.

कारखाना लहानसाच. पेंढा आधी कातरून बारीक करतात, मग मोठ्या बंद भांड्यात वाफेवर शिजवतात. काडी मऊ पडली की तिच्यातली साखर सुटते आणि त्या साखरेपासून इंधन करतात. डोंगराकडच्या गागोद्याहून आलेला पेंढ्याचा ट्रॅक्टर रिकामा होत होता. आमच्यातला मूठभर पेंढा तिथल्या माणसाने पाण्यात भिजवला आणि त्यात मीठ मोजायचा मीटर बुडवला. खाऱ्या जमिनीतला पेंढा, मीठ फार. नळ्या, भांडी खाऊन टाकतं म्हणे.

"मावशी, गोड्या पाण्यात धुवा, वाळवा आणि आणा. मग घेतो."

सुनंदा हसली. "आमच्याकडं प्यायला टँकर येतो. तो पेंढ्यावर ओतू?"

मग त्याने आम्हाला चहा पाजला.

टेम्पोवाल्याने नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या एका म्हशींच्या गोठ्यावर नेलं. म्हशींना खारट पेंढा आवडतो. मालकाने भाव सांगितला, अगदीच पडता. आता ही याला सोडत नाही, असं वाटून मी सावरून बसले.

"बरं," सुनंदा म्हणाली.

मालकही गोंधळला. आपणहूनच म्हणाला, टेम्पोचं भाडं मी देतो. तिने त्यालाही मान हलवली. ती सुरतेला जाणार, हे मला तिथे कळलं.

रोह्याहून आम्ही पनवेलच्या गाडीत बसलो. पेणला ती उतरली. खिडकीशी येऊन म्हणाली, "सुरतेला ये गो. तिथं नळाला पाणी हाय." गाडी हलेपर्यंत तिने माझी बोटं धरून ठेवली होती.

घरी येऊन आठवडा झाला. पापड तळले, एकटीनेच खाल्ले. तुम्हाला जायचं असेल तर रस्ता, गाडी, जेवण, सगळं वर लिहिलं आहे. पेणला उतरून कुणाकडे जायचं, एवढंच आता मला सांगता येणार नाही.