मुद्देमाल : पदके, नग दोन

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन सांगलीला राहायला आलो त्याला आता काही वर्षं झाली. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, त्यांच्या गोष्टी मी चहा पिता पिता सांगू शकतो. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. तरी विषय निघाला की मी उठून गॅलरीत फेऱ्या मारायला लागतो. बायको मग आतूनच विचारते, "आज परत आप्पा का?"

नाव कुणाचंच सांगणार नाही. आप्पा म्हणून तिकडे निम्म्या गावाला हाक मारतात, तेव्हा ते चालेल.

मी तेव्हा म्हसवडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पाऊस कमी, म्हणून प्रत्येक घरातून एक तरी माणूस फौजेत. आमच्या हद्दीत सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर ध्वजवंदनाला जितके गणवेश नसायचे तितकी पदकं असायची. त्या वर्षी झेंडावंदन उरकून ठाण्यात येतो न येतो तोच फोन आला. बोलणारे एक निवृत्त सुभेदार. माझ्या चांगल्या ओळखीचे, शब्दाचे पक्के. त्यांचा धाकटा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. ते म्हणाले की अमुक गावचा एक म्हातारा लढाईची पदकं लावून मिरवतो; एक लढाईत भाग घेतल्याचं, दुसरं लढताना जखमी झाल्याचं. आणि तो तर रसद पुरवणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला. साखर-तांदूळ मोजणारा माणूस.

फोनवर मी कुणाचंच ऐकत नसे. लेखी द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुभेदार लेखी तक्रार घेऊन हजर, सोबत माजी सैनिक संघटनेच्या कपाटातून काढलेली आप्पांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स. फौजेतून सुटताना मिळणारं हे पुस्तक म्हणजे शिपायाची कुंडलीच. त्यातल्या पदकांच्या रकान्यात नोकरीच्या वर्षांची साधी पदकं होती, लढाईचं एकही नव्हतं. सुभेदार ते पान माझ्यापुढे धरून म्हणाले, "साहेब, माझा भाऊ त्या पदकापायी मेला. ते दुकानातनं इकत घिऊन कुनी छातीला लावंल, तर मी गप बसू व्हय?"

त्यांचं बोलणं मला पटलं. खोटं कशाला सांगू, थोडा जोशही चढला. सैनिकाचं चिन्ह खोटेपणाने वापरल्याचा गुन्हा नोंदवला आणि आप्पांना बोलावणं धाडलं.

ते आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, पदकं लावूनच. डावा पाय किंचित ओढत चालत होते. वय सत्तरीच्या घरात. मी त्यांना साक्षीदारांच्या बाकावर तासभर बसवून ठेवलं. ही आमची जुनी खोड. माणूस बसून बसून आपोआप सैल होतो, असा समज. आप्पा सैल झाले नाहीत. तासभर पाठ न टेकता बसले. मग पंच म्हणून गावातल्या सोनाराला बोलावलं. त्याने पदकं तळहातावर घेतली, कडा पाहिली आणि सांगितलं की ओतकाम अलीकडचं आहे, कडेवर नाव नाही, नंबर नाही. सुभेदारांनी आधीच सांगितलं होतं की सरकारी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. झालं. मी पंचनामा केला, पदकं कापडात बांधून लाखेचं सील मारलं आणि आप्पांच्या देखतच मुद्देमाल रजिस्टरला स्वतःच्या अक्षरात नोंद केली: 'बनावट पदके, नग दोन.' त्या वेळी ते अक्षर मला फार झोकदार वाटलं होतं.

चौकशी फार लांबली नाही, कारण आप्पा बोलतच नव्हते. पदकं कुठून आणली? पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानातून. मग सरकारने दिलेली? व्हय, सरकारनं दिली हुती. ती कुठे आहेत? यावर गप्प. मी आवाज चढवून पाहिला, गोड बोलून पाहिलं, चहा मागवला. चहाला त्यांनी हातही लावला नाही. शेवटी म्हणाले, "तुमाला काय लिवायचं ते लिवा. मला त्याबद्दल काय बोलायचं न्हाई."

नोटीस देऊन घरी सोडलं. प्रकरण सोपं होतं, दोषारोपपत्र पाठवलं की संपलं. पण आमच्याच कुणीतरी त्या पदकांचा फोटो मोबाईलवरून गावभर फिरवला होता, आणि आठवड्याभरात बीट हवालदाराने सांगितलं की आप्पांनी घराबाहेर पडणं सोडलंय. देवळात नाही, पारावर नाही. ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसतात.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तीस वर्षं खोटारडी माणसं पाहिली होती मी. खोटं बोलणारा कधी हात आखडता घेत नाही. तोतया अधिकारी होतो तो थेट आयुक्त होतो, शिपाई होत नाही. याला दुकानातून पदकंच आणायची होती, तर शौर्याचं मोठं पदक का आणलं नाही? जखमी झाल्याचं, बाहेरच्या माणसाला ओळखूही न येणारं पदक कोण कशाला विकत घेईल? हे सुचायला मला पंधरा दिवस लागले, याची लाज वाटते.

एका दुपारी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. आप्पांनी मान वळवून पाहिलं आणि परत भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या पत्नीने, मावशींनी, पाणी दिलं. मी भिंतीवरचे फोटो पाहत उभा राहिलो. नवीन काम नव्हतं ते. पोलीस कुणाच्याही घरी गेला की आधी भिंती वाचतो. एक जुना फोटो जत्रेत काढलेला होता. तरणेबांड आप्पा काठी टेकून उभे, शेजारी त्यांची आई, मागे देवळाची कमान. आईच्या हातात ताट, ताटात नारळ, हळदकुंकू, आणि नारळाच्या पुढ्यात दोन पदकं.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मी काही न विचारता निघालो. कोपऱ्यावरच्या बाभळीपर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. मावशी पदर सावरत आल्या होत्या.

"ह्ये जखमी झाल्याली तार आली तवा सासूबाईंनी देवाला बोल केला हुता," त्या म्हणाल्या. "पोरगं जितं माघारी येऊ दे, त्येच्या छातीवर जे लागंल ते तुझं. म्हनून खरी पदकं देवाला वाहिली. झेंड्याला जायचं म्हनून त्यांनी तसलीच दुसरी आनली."

मी विचारलं की हे ठाण्यात सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, मग का नाही सांगितलं?

"सांगितलं आसतं, तर तीबी तुमी फडक्यात बांधून न्हेली आसती. देवाच्या अंगावरली."

कुणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. कारण मी तेच केलं असतं. समोरच्या माणसाने आपल्याला आतून बाहेरून ओळखलं होतं, आणि आपण मात्र त्याला तासभर बाकावर बसवून सैल करायला निघालो होतो.

फोटोतल्या त्या देवळाच्या गुरवांना भेटलो. त्यांनी सांगितलं की असं काही देवाच्या मखमलीच्या झुलीवर शिवलेलं आहे. पण ती झूल ठेवलेली देवाची पेटी वर्षातून एकदाच, चैत्राच्या जत्रेला, चारी मानकऱ्यांसमोर उघडते. जत्रेला सात आठवडे होते. इकडे वरिष्ठांचा तगादा, गुन्हा प्रलंबित का म्हणून. पेटी उघडून घ्यायचा अधिकार मला होता. एका भर दुपारी मी जीप घेऊन देवळाच्या पायऱ्यांशी गेलोही. वीस मिनिटं जीपमध्येच बसून राहिलो, मग ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. ते सात आठवडे मी घरी धड जेवलो नाही. मुलांवर चिडायचो. आप्पांचं काही बरंवाईट झालं तर, हा एकच विचार डोक्यात घोळायचा.

जत्रेच्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोटांचे ठसे टिपणारा फोटोग्राफर बोलावला होता. पंचांसोबत मी मुद्दाम सुभेदारांनाही घेतलं. त्यांना कारण सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की तुमची तक्रार आहे तर तुमच्याच डोळ्यांनी बघा. आप्पा आले नव्हते. पेटी उघडली. झुलीवर चांदीचे डोळे, छोटे पाळणे, आणि मधोमध दोन काळवंडलेली पदकं. गुरवांनी झूल दोन्ही हातांवर धरली. आमच्यापैकी कुणी बोटही लावायचं नाही असं ठरलं होतं. गुरवांनीच त्यातलं गोल पदक जरा तिरकं केलं आणि सुभेदारांनी भिंग धरून कडेवरचं वाचायला सुरुवात केली.

आधी नंबर वाचला आणि ते थांबले. परत वाचला. मग हुद्दा, मग आप्पांचं नाव. भिंग खाली घेऊन ते माझ्याकडे वळले.

"साहेब, हा नंबर रसदीचा न्हवं. आमच्या रेजिमेंटचा हाय. माझ्या भावाचा आसाच सुरू हुतो."

सारा उलगडा त्या नंबरात होता. आप्पा पायदळात भरती झाले होते. लढाईत पायाला गोळी लागली, पायदळाच्या कामाचे राहिले नाहीत, म्हणून दुसऱ्या खात्यात बदली झाली आणि बदलीबरोबर नवा नंबर मिळाला. पदकं जुन्या नंबरावर निघाली, सुटतानाचं पुस्तक नव्या नंबरावर बनलं. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. त्या संध्याकाळी मी आप्पांच्या ओसरीत बसून जुना नंबर विचारला, तर त्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच तो एका दमात म्हणून दाखवला. पूर्वी एकदा त्यांनी दुरुस्तीसाठी पत्र घातलं होतं, पण पेन्शनच्या पुस्तकावरचा नवा नंबर घालून. उत्तर आलं, नोंद आढळत नाही. त्यांनी नाद सोडला. आणि मी एवढी चौकशी केली, पण जुना नंबर होता का, हे त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. सुभेदार ओसरीच्या कडेला उभे होते. ते पुढे येऊन आप्पांच्या पायाशी बसले. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाहेर निघून आलो.

गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, म्हणून न्यायालयात 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, पाठवली. ती मंजूर झाली आणि न्यायालयाच्या आदेशाने पदकांचं पुडकं आप्पांना परत केलं. सैनिकी नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज सुभेदारांनी स्वतः लिहिला. जोडीला पंचनामा, कडेचे फोटो, दोन्ही नंबर. मध्येच माझी सांगली जिल्ह्यात बदली झाली. तिथून मी दर महिन्याला स्मरणपत्र टाकत होतो. कारकून हसायचा, साहेब, तुमचं पदक अडकलंय का म्हणून. वर्ष उलटून गेल्यावर सुभेदारांचा फोन आला: दोन्ही पदकांची नोंद झाली, कागद हातात आहे.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी रजा घेऊन गेलो. आप्पा पहिल्या रांगेत, शेजारी सुभेदार. छातीवर तीच दुकानातली पदकं. वाहिलेल्या किंवा हरवलेल्या पदकांच्या जागी नकला लावायला फौजेत कुणाची ना नसते, हे मला सुभेदारांनी नंतर सांगितलं. मी आप्पांना कडक सॅल्यूट केला. त्यांनी तसाच परत केला, आणि हात खाली घेत अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, मिल्ट्रीचं कागद दुरुस्त झालं. तुमच्या वहीतलं कवा व्हायचं?"

तसाच ठाण्यात गेलो. नव्या अधिकाऱ्याने ओळखीखातर रजिस्टर काढून दिलं. माझी ओळ जागेवर होती. शेऱ्याच्या रकान्यात 'न्यायालयाच्या आदेशाने परत' एवढंच. त्यापलीकडे काही करता येत नाही. पोलिसांच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, हे मीच कित्येक पोरांना दरडावून शिकवलं होतं. फौजेने पन्नास वर्षांपूर्वीची चूक सुधारली, माझी मात्र आहे तिथेच आहे.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच, की पंचनाम्यात काय, रजिस्टरात काय, डोळ्यांना दिसतं ते लिहावं. 'धातूची, कडेवर अक्षरे नसलेली' एवढं मी लिहिलं असतं, तर ते तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं राहिलं असतं. 'बनावट' हा शब्द माझ्या मनातला होता, पदकांवर तो कुठेच नव्हता. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत तो शब्द मी परत लिहिला नाही, हाताखालच्या कुणाला लिहू दिला नाही.

अजूनही दर सव्वीस जानेवारीला मी सांगलीहून पहिल्या एसटीने त्या गावाला जातो. झेंडावंदन झालं की आप्पा घरी नेतात, मावशी चहा देतात. त्या वहीचं आप्पांनी परत कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.