माझी पहिली लेव्हल आणि दादाचा हात

दादाचं प्लास्टर निघालं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडलं होतं. हाड छान जुळलं, डॉक्टर खूश. पण बोटं लाकडासारखी आखडली होती, आणि दादा डबलबारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, पखवाज वाजवतो. नोकरी करतो ती पोटासाठी. आमच्या घोडपदेवात त्याला ओळखतात ते पखवाजामुळे. डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं, तर हा स्पंजचा चेंडू दाबत टीव्ही बघत बसायचा. पखवाजाला हात लावेना. का ते मला ठाऊक होतं. आमच्या चाळीत एक थाप चुकली तरी चार खोल्यांत ऐकू जाते. हात गेलाच असेल, तर ते सगळ्या मजल्याला त्याच्याबरोबरच कळणार होतं.

मी कॉम्प्युटरवर रिदम गेम खेळते. स्क्रीनच्या वरून नोट्स पडतात, खालच्या रेषेवर आल्या की ठेक्यात बटण दाबायचं, बस्स. लग्नाच्या वयाची मुलगी बटणं कसली बडवते, असं आईचं मत आहे. पण मला वाटलं, दादाच्या बोटांना हे बरं. आवाज काय तो की-बोर्डचा. गेममधली तयार गाणी मात्र सगळी सुसाट, आजारी बोटांच्या कामाची नाहीत. आपल्या आवडीच्या गाण्याची लेव्हल आपण स्वतः बनवू शकतो हे मला माहीत होतं, बनवली कधीच नव्हती. हौसेला मोल नसतं. दादाच्या भजनी मंडळाच्या एका भजनाचं जुनं रेकॉर्डिंग घेतलं, पखवाज दादाचाच. गेमनं विचारलं, ठेक्याचा वेग किती? मी सुरुवातीचा मोजून टाकला, थोड्या नोट्स लावल्या, वाजवून बघितलं, अगदी बरोबर. मग तेच कॉपी करून शेवटपर्यंत चिकटवलं आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

रविवारी दुपारी दादाला खुर्चीत बसवलं. तो कुरकुरत बसला. गाणं सुरू झालं आणि त्याची बोटं हळूहळू चालायला लागली. नोटमागून नोट बरोबर पडत होती. त्यानं डोळे अर्धे मिटले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मग भजनातला गजर आला, सगळे मिळून गातात तो, आणि स्क्रीनवर लाल फुल्यांचा सडा पडला. चूक, चूक, चूक. दादानं डोळे उघडून स्क्रीनकडे बघितलं, गाणं बंद केलं आणि हात मांडीवर ठेवला.

"बघितलंस ना? गेला हात."

त्याला आरसा दाखवायची अवदसा मला आठवली होती, असं वाटून रडूच येणार होतं. तेवढ्यात मोरीत कोळंबी सोलत बसलेली आई ओरडली,

"गजर मधीच कित्याक बंद केलात? इतक्या बरा वाजवी होतो तो!"

आईला स्क्रीन दिसत नव्हती. तिनं नुसती बटणं ऐकली होती.

मी स्क्रीन भिंतीकडे फिरवली. "दादा, परत वाजव. बघू नको." तो नको म्हणत होता, पण मी गाणं लावूनच टाकलं. यावेळी मीही नुसतं ऐकलं. गजर चढला, तशी बटणंही चढली, आणि एकूणएक आघात रेकॉर्डिंगमधल्या पखवाजावर पडत होता. मागे पडल्या होत्या त्या माझ्या नोट्स. गाणं पळत सुटलं होतं आणि त्या बिचाऱ्या सुरुवातीच्याच चालीनं रमतगमत येत होत्या.

"दादा, हात नाही गेला रे! लेव्हल चुकली. मी सगळीकडे एकच वेग ठेवला."

त्यानं डोळे पुसले आणि जो सुटला! "जन्मापासून या घरात भजन ऐकतेस ना तू? गजर चढतो हे शेंबड्या पोराला कळतं! माझा जीव गेला असता इथे!" आई मोरीतून हसत होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलणी खाताना इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"अक्कल कुठे होती तुझी?" म्हणत त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली. उजव्या हातानं. चांगली सणसणीत लागली.