गळती मोजताना ऐकलेलं

हेडफोनला आधीच्या पेशंटच्या डोक्याचं तेल लागलेलं होतं. गाउनला कोंदट, ओलसर वास. घाटकोपरच्या त्या सेंटरवर माझ्या हृदयाची झडप किती गळते ते एमआरआयने मोजणार होते. आधीच्या दोन इको तपासण्यांपैकी एकीत गळती मध्यम होती, दुसरीत जास्त. हृदयाने पुढे ढकललेल्या रक्तातलं किती उलटं मागे येतं ते इथे नेमकं कळेल, आणि जास्त निघालं तर ऑपरेशन लगेच, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

छातीवर जड पट्टा बांधून मला नळीत सरकवलं. "मावशी, श्वास सोडा. आता रोखून धरा." मशीन ठणठणायचं, थांबायचं, की पुन्हा तेच.

नवरा आणि मोठे दीर काचेपलीकडे टेक्निशियनच्या खोलीत उभे होते. आत येऊ नये अशी पाटी दिसली की आमच्या माणसांना आत गेल्याशिवाय राहवत नाही. एकदा मशीन थांबलं, पण टेक्निशियनचा माइक चालूच राहिला आणि दिरांचा आवाज थेट माझ्या कानात आला.

"रिपोर्ट काय पण येऊ दे, तिला नॉर्मलच सांग. गणपती होऊन जाऊ दे ना. यंदा गावी सगळे जमणार, एवढ्या माणसांचं रांधणार कोण?"

"हां दादा, तसंच करू," नवरा म्हणाला.

मला शिसारी आली. दिरांची नवी नव्हती. सासूबाईंनाही दिरांनीच शेवटपर्यंत गॅस झालाय म्हणूनच सांगितलं होतं. पण नवऱ्याची शिसारी पहिल्यांदाच आली. त्याला क्षणभर विचारसुद्धा करावासा वाटला नाही.

"मावशी, श्वास सुटला तुमचा. परत घ्यावं लागेल."

घ्या म्हटलं. पुढे प्रत्येक वेळी जीव खाऊन श्वास रोखला. आकडा खरा यायला हवा होता.

बाहेर आले तर नवरा माझ्या चपला पुढे सरकवत म्हणाला, "काय नाय गं, सगळं नॉर्मल आहे." रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. आधाराला त्याने पुढे केलेला हात मला धरवेना. काउंटरवर जाऊन त्याचा मोबाइल नंबर काढायला लावला आणि माझा दिला.

रिपोर्ट आला तशी एकटीच डॉक्टरांकडे गेले. जवळजवळ निम्मं रक्त मागे येत होतं. तारीख घेऊनच घरी आले. नवरा टीव्हीसमोर बसला होता.

"गणपतीत माझं ऑपरेशन आहे," मी म्हटलं. "मोदक भाऊजींना वळायला सांगा."