बिजागरी मास्तर

"स्नायूले ढकलता येत नाई, गुरुजी. त्याले फक्त ओढता येते."

आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर हे वाक्य दिवसातून चारदा म्हणत आणि म्हणताना समोरच्याच्या दंडाला चिमटा काढत. मी गणित शिकवायचो. माझ्या दंडात चिमट्यापुरतेही मांस नव्हते, त्यामुळे ते ज्ञान मला जरा जास्तच लागायचे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षे झाली असतील. सिंदीच्या त्या शाळेत सगळे मास्तर घाम पुशीत आपापला विषय कसाबसा संपवत. या गृहस्थांचा विषय मात्र संपतच नसे. मी चहाचा कप उचलला की यांचे सुरू, "पाहा, दंडाचा पुढचा स्नायू ओढून राह्यला, मागचा सोडून राह्यला."

"अन् चहा थंडा होऊन राह्यला," मी म्हणायचो. ते हसत, पण थांबत नसत.

एकदा माझा अपूर्णांकांचा तास चालू असताना आत आले आणि दार उघडझाप करू लागले. "पोराहो, कोपर म्हंजे हे बिजागरी. एकाच बाजूनं वळते. खांदा तसा नाई. खांदा म्हंजे वाटीत ठेवलेला गोळा, चहूकडे फिरते." दार कुरकुरत होते आणि माझे अपूर्णांक अपूर्णच राहिले. त्याच दिवशी मी त्यांचे नाव 'बिजागरी मास्तर' ठेवले. आठवड्याभरात ते गावभर झाले. माझ्या आयुष्यात इतके यश मला गणितानेही दिले नाही.

त्यांच्या अंगात बारा महिने एक जाड, लांब बाह्यांचा कोट असे. वैशाखात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही. हे मात्र कोटाची बटणे लावून मैदानात उभे. "स्नायू गरम राह्यले पायजे," म्हणत. आम्ही म्हणायचो, स्नायू राहू द्या, आधी डोके थंड ठेवा.

हेडमास्तरांच्या हुकुमाने रोज सकाळी आम्हा शिक्षकांनाही मुलांमागे, शेवटच्या रांगेत ड्रिल करावे लागे. मी तोंड वाकडे करून हात-पाय हलवायचो.

सात वर्षे त्यांची नोकरी तात्पुरतीच होती. घरी बायको, तीन मुली. यंदा तपासणीत साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम होणार, असे ठरले होते. त्या आठवड्यात त्यांनी कुणाला चिमटाही काढला नाही.

साहेब आले. त्या दिवशी आम्हा शिक्षकांना ड्रिलची सुट्टी होती, आम्ही साहेबांशेजारी उभे होतो. मास्तरांनी सांधे, स्नायू सगळे खणखणीत सांगितले. साहेब खूश झाले. मग मास्तर मुलांकडे वळून ओरडले, "दोन्ही हात, वर!"

सगळ्या शाळेचे उजवे हात ताठ आभाळात गेले. डावे हात मात्र कोपरात वाकून अर्ध्यावरच थांबले. सगळेच्या सगळे, एकाच कोनात.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारले. हेडमास्तर मुलांवर धावले, "गाढवांनो, हात सरळ करा!" पहिल्या रांगेतला एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मास्तर असाच करते जी."

मला हसू फुटले. खोटे कशाला बोलू?

पोरे ढ आहेत, एवढे मास्तर म्हणाले असते तरी निभावले असते. हेडमास्तरांनी वाट करून दिलीच होती. पण त्यांनी कोटाची बटणे सोडली, कोट काढून खाली ठेवला आणि डावा हात पुढे केला. कोपर वाकडेच सांधलेले होते.

"लहानपणी कापसाच्या बैलबंडीवरून पडलो होतो, साहेब. पोराईची चूक नाई. बिजागरी माही बिघडेल हाये." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "नाव बराबर ठेवलं होतं, गुरुजी."

माझे हसू तिथेच मेले.

नोकरी कायम झाली नाही. महिन्याच्या आत ते बायको-मुलींना घेऊन पॅसेंजरने गेले. मी स्टेशनवर गेलो होतो. माफी मागायची होती. तोंडातून निघाले ते भलतेच. "इतके वर्षं काऊन लपवलं?"

"वाकड्या हाताचा ड्रिल मास्तर कोणं ठेवला असता?" ते म्हणाले आणि उजव्या हाताने माझ्या दंडाला चिमटा काढला. पुढे ते कुठे गेले, मला कळले नाही.

परवा सकाळी अंगणात आळस देत होतो. बायको म्हणाली, "डावा हात सरळ काऊन करत नाई? दुखते का?"

वर पाहिले. उजवा हात ताठ होता, डावा अर्ध्यावर वाकलेला. माझ्या कोपराला आजवर काहीही झालेले नाही. सात वर्षे शेवटच्या रांगेतून मीही त्यांच्याकडेच बघत होतो.