कागदावरची विडी

“दिवसाला किती विड्या ओढतेस?” डॉक्टरनं मान वर न करता विचारलं.

माझ्या मागं रांग होती. कुणीतरी फिसकन हसलं. नवरा शेजारीच उभा होता. मी आयुष्यात कधी विडी ओठाला लावली नव्हती.

“एकबी नाय,” मी म्हणाले.

“तुम्ही लोक खरं सांगणारच नाही.” मग टेबलाच्या कडेला बसलेल्या शिकाऊ डॉक्टरणीला म्हणाला, “लिही, विडी.”

तिनं लिहिलं. लिहिता लिहिता हळूच विचारलं, “आधी कधी टीबी झाला होता का, ताई?”

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं.

“नाय,” मी म्हणाले.

हे मात्र खोटं होतं. सोळाव्या वर्षी मला टीबी झाला होता. फुलंब्रीकडच्या आमच्या खेड्यात सहा महिने गोळ्या खाल्ल्या. एक दिवस चुकवला नाही. तपासणीत बेडका साफ निघाला, बरी झाले. पुढं लग्न जमलं, त्या दिवशी आईनं माझं औषधाचं कार्ड चुलीत घातलं. म्हणाली, “कुणी गळा धरला तरी हे तोंडातून काढू नको. नांदायचं हाय तुला.” मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

दोन वर्षं पाऊस झाला नाही. सासरची विहीर आटली आणि आम्ही औरंगाबादला आलो. शहर चहूकडं वाढत होतं. जिकडं तिकडं इमारती, त्यामुळं काम लगेच मिळालं. मी डोक्यावर विटा वाहायची, सिमेंटच्या गोण्या फोडून माल कालवायची. नाकातोंडात सिमेंट जायचं. आधी चौथ्या मजल्यावर धाप लागायची, मग दुसऱ्या. मग पहिल्याच जिन्यात मी मटकन बसले. मुकादम म्हणाला, “उद्यापासून येऊ नको, बाई. मरशील आन् माझ्या गळ्यात पडशील.” घरी फुंकणी घेऊन चुलीपुढं बसायची, पण जाळ पेटायचा नाही. फुंकायला छातीत वाराच नव्हता. म्हणून दवाखान्यात आले होते.

त्या दिवशी घरी गेलो तर नवऱ्यानं आधी त्याच्या आईला सगळं सांगितलं. सासूनं माझी हनुवटी धरून तोंड हुंगलं. नवऱ्यानं डबे उपडे केले, गोधड्या झटकल्या. “कुठं लपवतीस?” मी भिंतीला टेकून बघत राहिले. लाज वाटली, रडू आलं. पण खरं सांगते, आतून हायसंही वाटलं. विडीच म्हणतात ना, म्हणू देत, टीबी तर कुणी म्हणत नाही. त्या हायसं वाटण्याची मला आजही चीड येते.

पुढच्या खेपेला छातीचा फोटो काढला. बाजूच्या खोलीत त्या शिकाऊ डॉक्टरणीनं तो खिडकीच्या उजेडात धरला. खोलीत आम्ही दोघीच होतो.

“ताई, हे वण विडीचे नाहीत. हा जुना टीबी आहे.”

मी फोटोकडं पाहिलं.

“टीबी बरा होतो. पण काहींच्या छातीत असे वण राहतात, श्वासाच्या नळ्या अरुंद होतात. विडी न ओढताही दम लागतो.”

“मग जाईल ना हे?”

“तोंडानं औषध ओढायच्या पंपानं आराम पडेल. गेलेला दम परत नाही येत.”

“मी आधीच सांगितलं असतं तर?”

तिनं फोटो खाली ठेवला. “पंप लवकर सुरू केला असता. सिमेंटपासून लांब राहायला सांगितलं असतं.”

मी तिथंच रडले. आईवर रागवू तरी कशी? तिनं माझा संसार वाचवला होता. तोंड बंद ठेवायचं मला शिकवलं आणि मीही एवढी वर्षं ते बंद ठेवलं. त्यापायी छाती गेली. ती कुणाकडं मागणार?

डोळे पुसले आणि मोठ्या डॉक्टरच्या खोलीत गेले. तशीच रांग. नवरा दाराशी उभा होता.

“डॉक्टर, विडी खोडा.”

“काय?”

“माझ्या कागदावर विडी लिवलीय. ती खोडा. मला टीबी झाला व्हता. सोळा वर्साची असताना. औषध पुरं केलं, बरी झाले. ते लिवा.”

एवढं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं. टेबल धरून उभी होते. मागची बाई पदर नाकाला लावून दोन पावलं मागं सरकली. नवऱ्यानं मान खाली घातली आणि तो बाहेर निघून गेला. फाटकाशी थांबेल की नाही, मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, “आता काय फरक पडतो? छाती तर तीच आहे ना?”

छाती तीच होती. त्यात त्याचं खोटं नव्हतं. मी उद्याही चूल फुंकू शकणार नव्हते, परवाही नाही.

“मला पडतो,” मी म्हणाले. “खोडल्याबिगर मी हलत नाय.”

“बाहेर हो. रांग खोळंबलीय.”

उभं राहवत नव्हतं. म्हणून त्याच्यासमोरची खुर्ची ओढली, बसले आणि कागद त्याच्या पेनाखाली सरकवला.