कवडी वेचली, कुलूप लागलं

८ जुलै २०१८, रविवार. रक्कम साडेतीन हजार रुपये. हजर: दादा, वहिनी आणि मी. जागा आर्णीतल्या आमच्या घराची पुढची खोली. तिच्या एका बाजूला डाळीची पोती असतात, दुसऱ्या बाजूला माझा कॉम्प्युटर.

वहिनींनी पैसे टेबलावर ठेवले. "भाऊजी, हे घ्या, अन् आपल्या डाळीवरचा डाग काढा."

आदल्या हंगामात बोंडअळीनं दादाचा कापूस खाल्ला, तेव्हा वहिनींनी ठरवलं की घरची आणि शेजारची तूर तशीच विकायची नाही, डाळ करून विकायची. त्यासाठी वेबसाइट मी केली. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. वेबसाइटचं काम वाचून वाचून शिकलो. तिच्यावर मागणीचा फॉर्म होता. नागपूरच्या एका कॉलनीतलं महिला मंडळ वर्षाची डाळ आमच्याकडून घेणार होतं, दोन क्विंटल. मंडळाच्या प्रमुख बाई फॉर्म भरायला बसल्या, तर मोबाइलवर वरच्या पट्टीत शब्द आले: सुरक्षित नाही.

त्यांनी वहिनींना फोन केला. जिल्हा यवतमाळ, आणि आदल्या वर्षीच्या फवारणीतल्या विषबाधेच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या. बाईंना वाटलं, कुणीतरी डाळ तपासून हा शेरा मारला आहे. बोलल्या सभ्यपणे. बुधवारपर्यंत थांबू, नाहीतर इथेच घेऊ, एवढंच म्हणाल्या. शेजाऱ्यांची तूर घेऊन तिची डाळ आधीच झालेली होती.

मी वहिनींना सांगितलं की तो शेरा डाळीवर नाही, मधल्या रस्त्यावर आहे. फॉर्ममध्ये लिहिलेलं नाव, पत्ता, फोन हे पोस्टकार्डासारखं उघडं जातं, वाटेत कुणीही वाचू शकतो. ते पाकिटात घालायचं तर वेबसाइटला प्रमाणपत्र लागतं. मग पत्त्याच्या सुरुवातीच्या http ला s जोडला जातो आणि शेजारी कुलूप दिसतं. वेबसाइट जिच्याकडे ठेवली होती त्या कंपनीनं फोनवर वर्षाचे साडेतीन हजार सांगितले होते. टेबलावरचे पैसे त्याचेच.

वाचल्याशिवाय पैसे देत नाही, ही माझी सवय. कंपनीच्याच पानावर खाली एक मोफत प्रमाणपत्रही होतं. दोन्हींची माहिती नीट वाचली. विकतच्यात जे जास्तीचं होतं त्याची आम्हाला गरज नव्हती. मोफतचं लावलं.

कुलूप दिसलं नाही.

दादा खाटेवरून म्हणाला, "फुकटचं कुलूप हाय, फुकटासारखंच लागन."

पैसे भरून मोकळा हो, असं त्याचं मत. पण 'आमच्याबद्दल' या पानावर कुलूप दिसत होतं. प्रमाणपत्र खोटं असतं तर तिथेही दिसलं नसतं. मग दोन पानांत फरक काय, ते पाहिलं. त्या पानावर फोटो नव्हता. पहिल्या पानावर डाळीचे, गिरणीचे, शेताचे बरेच फोटो होते, आणि प्रत्येक फोटोचा पत्ता मी पहिल्यापासून पूर्ण लिहिलेला होता, http सकट. आमचे वडील पोस्टात होते. अपुरा पत्ता लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत वाईट होतं, आणि आमच्या घरात अजून कुणी पत्ता अर्धा लिहीत नाही. त्यामुळे पान येत होतं नव्या बंद रस्त्यानं आणि फोटो मात्र जुन्या उघड्या रस्त्यानं. अशा पानाला ब्राउझर कुलूप देत नाही.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे पांढऱ्या कापसात कवडी. मूठभर कवडी दिसली का व्यापारी साऱ्या गाडीचा भाव पाडते."

कवडी म्हणजे अळीनं किडलेला पिवळट कापूस. कुलूप का अडतं यावर मी वेबसाइटच्या पुस्तकात चार परिच्छेद वाचले होते, त्यात वहिनींच्या बोलण्याहून जास्त काही नव्हतं.

वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी एकेक ओळ वर सरकवत होतो, s नसलेल्या पत्त्यावर त्या बोट ठेवत होत्या, मी दुरुस्त करत होतो. फोटो संपल्यावर मी थांबलो, तर म्हणाल्या, "खाली अजून एक दिसून राह्यलं." तो खुद्द मागणीच्या फॉर्मचाच पत्ता होता. तो बदलला, आणि पहिल्या पानावर कुलूप आलं.

"अन् डाळीच्या पिशव्या?" दादानं विचारलं. "त्याच्यावर तर तू वेबसाइटचा जुनाच पूर्ण पत्ता छापून ठेवला."

हेही खरं होतं. पण घर बदललं की पोस्टात अर्ज देतात, मग जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी येतात. तसा एक नियम वेबसाइटलाही लिहिता येतो. तो लिहिला. मग दादाच्या मोबाइलवर पिशवीवरचा पत्ता अक्षर न् अक्षर टाकला. पान कुलपासकट उघडलं. दादानं मोबाइल माझ्या हातातून परत घेतला.

नागपूरला फोन वहिनींनीच केला. पुन्हा उघडून पाहा, असं सांगितलं. बाईंनी विचारलं असावं की तपासणी झाली का, कारण वहिनी म्हणाल्या, "झाली ना ताई. डाळीची नाही, आमच्या भाऊजीची झाली."

मंगळवारी फॉर्म भरून आला, दोन क्विंटलचा.

प्रमाणपत्राला काहीच लागलं नाही. वहिनींना एकतीसशे रुपये मोजून परत केले. उरलेले चारशे डाळीच्या भाड्याचे, नागपूरच्या ट्रॅव्हल्सवाल्याला दिले.